बंदी

फॉर्मवर चारच कारणं आहेत :
मयत, दवाखाना, लग्न, अडकून पडलेले.
तीन दिवस झाले, मोबाईल चार्जिंगला लावून
मी ही ओळ उघडते आणि मिटते.
आई विसरू लागली आहे,
याला रकाना नाही.

मेली असती तर तासाभरात पास आला असता,
शेजारची अंबुबाई बोलून गेली
आणि स्वतःच तोंडावर पदर धरून गप्प झाली.

बोळाच्या तोंडाला बांबू आडवे.
पाणी चार दिवसांआड, ते मात्र वेळेवर.
अशोक चौकातले माग बंद पडून दोन महिने झाले,
इतकं शांत, की कुणाला झोप लागत नाही.
टॉवेलच्या तुकड्यांचे मास्क शिवते मी,
डझन मोजताना अकरावर अडकते.

माहेर इंडीकडं. सत्तर किलोमीटर.
मधे भीमा, पुलावर दोन राज्यांचे पोलीस.
सकाळच्या एसटीनं जायची मी,
दुपारी कडक भाकरी खाऊन, ओच्यात शेंगा घेऊन
दिवेलागणीला परत.
तो दुसरा मुलुख आहे, हे यंदा कळलं.

फोनवर आई मला कस्तुरी म्हणते.
कस्तुरी धाकटी, नवव्या वर्षी तापानं गेली.
आधी मी दुरुस्त करायची.
आता ओ देते.
बसलिंग म्हणतो, आवाज ऐकून हसते अजून,
पुढचं काय की, अक्का.
त्यापेक्षा नुसतं ये म्हणाला असता,
नाहीतर येऊ नको.

कसं जायचं, ते सोपं आहे.
दस्तगीर बागवानाचा टेम्पो पहाटे तीनला निघतो,
कांद्याच्या गोण्यांमागं एक माणूस मावतं. हजार रुपये.
किंवा रेवणच्या गाडीवर, बंधाऱ्यावरून.
पण पलीकडच्या गावानं रस्ता खणलाय, काटे टाकलेत.
टाकणाऱ्यांत बसलिंगही असेल.
त्याच्या जागी मीही टाकले असते.

जावं का, तिथं गाडी रुतते.
दीड खोलीत सहा माणसं.
सासऱ्यांचा खोकला जुना आहे, विडीचा,
असं आम्ही सगळ्यांना सांगतो,
आणि रात्री मी मोजत पडते
जुना किती, नवा किती.
मी जाईन, तिच्या मांडीवर डोकं ठेवीन,
आणि आठव्या दिवशी
इथं आलं की शिलाई मशीनचा पाय जोरात दाबते.

नी बंदी?
उंबऱ्यात पाऊल पडायच्या आत ती विचारायची.
आलीस? एवढंच ते, कानडीत.
सोलापुरात नांदून नांदून
मला तो शब्द दोन्ही अंगांनी ऐकू येतो.
पुलावर पाटी लावलीय म्हणे, प्रवेश बंदी.
आईला कुणी वाचून दाखवली
तर म्हणेल, बघा, आलीच ती.

काल रेवणला म्हटलं,
चौदा दिवस रानातल्या गोठ्यात राहीन.
लांबून बघीन. भाकरी दगडावर ठेवू दे त्यांना.
काय करूलालीस गं तू, तो म्हणाला,
मग उठला, गाडीच्या चाकातली हवा बघत बसला
कितीतरी वेळ.

गोठ्याजवळ येऊन ती विचारेल, कोण गं ही बाई?
मी मास्क खाली करणार नाही.
सांगीन, कस्तुरी.
दुसऱ्या दिवशी परत विचारेल.

आत्ता, रात्रीच्या दीडला,
मी अडकून पडलेले यावर बोट ठेवलं.
अडकलेल्या व्यक्तीचं नाव मागितलं,
आईचं लिहिलं. शंकरव्वा.
वय अंदाजानं टाकलं, तेही घेतलं.
आता परतीची तारीख मागतंय.
मोकळी सोडून बघितली.
पुढं जात नाही.